जुना गार्डन ट्रॅक्टर : चार्जिंग भरवशाचं कसं करावं?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. घरामागच्या दीड एकरावर गवत, थोडी फळझाडं आणि भाजीचे वाफे आहेत. सगळी कामं एक जुना गार्डन ट्रॅक्टर करतो. १९७० च्या दशकातलं यंत्र, कोहलरचं के-३४१ इंजिन, एकच सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर, पेट्रोलवर चालणारं. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचं डेक, थंडीत पुढे बर्फ फेकायचा ब्लोअर. बिडाचं इंजिन आणि जाड पत्रा असल्यामुळे यंत्र अजून ठणठणीत आहे. अडचण फक्त चार्जिंगची.

काम संपवून इंजिन बंद केलं की पुन्हा सेल्फ लागेलच याची खात्री नसते. ब्लोअर आणि हेडलाइट एकदम चालू असले की तासाभरात दिवे पिवळे पडतात आणि इंजिन मिसफायर करायला लागतं. बॅटरी नवी आहे, चार्जरवर पूर्ण भरते. पूर्ण थ्रॉटलवर बॅटरीच्या टर्मिनलला १२.८ व्होल्ट दिसतात. डेकचा इलेक्ट्रिक क्लच (विजेवर पाती जोडणारा-सोडणारा) आणि दिवे लावले की १२.१.

इथला मेकॅनिक म्हणतो रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा डबा) आणि स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी) दोन्ही बदला. स्टेटर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या मागे आहे, म्हणजे फ्लायव्हील काढणं आलं. एक मित्र म्हणतो हे सगळं काढून कारचा अल्टरनेटर, म्हणजे पट्ट्यावर फिरणारा वीज बनवायचा भाग, बसव. मला नुसता पार्ट बदलायचा नाही, पुढची दहा वर्षं विश्वासाने चालेल असं काही करायचं आहे. जाणकारांनी सुचवावं.

पेठकर

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक शंका आहे. दीड एकर गवतासाठी ट्रॅक्टर? आमच्याकडे दीड एकरात सोसायटीच्या चार इमारती बसतात, पार्किंग धरून. :)

द्राक्षबाग

पेठकर, दीड एकरात आमची अख्खी बाग बसते. तासगावकडं या, दाखवतो.

ओहायोकर दादा, माझ्याकडं बागेत चालणारा छोटा डिझेल ट्रॅक्टर आहे, ओळींमधनं फिरतो, मागं फवारणीचा ब्लोअर. चार्जिंगचा ताप आम्हालाबी झाला. पण डिझेलला एक सुख असतंय, एकदा चालू झालं की बॅटरी मेली तरी बंद पडत नाही. म्हणून गावात निम्मे ट्रॅक्टर उतारावर लावलेले दिसतील. सकाळी ब्रेक सोडायचा, गिअरात टाकायचा, झालं चालू. बॅटरी आहे का नाही कोण विचारतंय!

ओहायोकर

द्राक्षबाग, उताराचा उपाय इथे चालणार नाही. या ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन आहे. चाकं आणि इंजिन यांच्यामध्ये फक्त तेल, त्यामुळे ढकलून इंजिन फिरत नाही. आणि इग्निशन बॅटरी-कॉइल-पॉइंटवर चालतं. बॅटरी उतरली की ठिणगी गेली, मग इंजिन चालता चालता थांबतं.

आर्मेचर_कोल्हापूर

ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वडिलांपासून. अमेरिकन गवत कापायचा ट्रॅक्टर कधी उघडला नाही, पण वीज सगळीकडं सारखीच वाहते.

साहेब, पहिल्यांदा अर्थिंग, म्हणजे मायनसची बॉडीशी जोडणी बघा. रेग्युलेटर बदलू नका, स्टेटर बदलू नका. आमच्याकडं "चार्जिंग नाही" म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांत खराब डायनामो (अल्टरनेटरच्या आधीचं वीज बनवणारं यंत्र) कमी आणि गंजलेला लग (वायरीच्या टोकाचं कडं) जास्त सापडतो. बॅटरीच्या मायनसची वायर चासीला कुठं आवळली आहे ते शोधा. नट सोडा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासा, दातेरी वायसर टाका, आवळा, वरनं पेट्रोलियम जेली लावा.

दुसरं, चासीवरनं इंजिनच्या ब्लॉकला वेगळी पट्टी आहे का? इंजिन रबरावर बसवलेलं असलं तर नट-बोल्टातनं करंट जात नाही.

मीटरवाली

आर्मेचर यांच्याशी सहमत. त्यात मोजमापाची भर घालते, म्हणजे अंदाजाने घासत बसायला नको.

आधी हे यंत्र वीज कशी करतं ते बघू. के मालिकेच्या नंतरच्या इंजिनांत फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला कायमचे चुंबक असतात आणि ते स्टेटरच्या गुंडाळीभोवती फिरतात. स्टेटरमधून दोन वायरी बाहेर येतात, त्यात एसी असतो. त्या रेग्युलेटरच्या बाहेरच्या दोन पिनांना जातात. मधली पिन बी प्लस, तिथून डीसी बॅटरीकडे. चौथी जोडणी कुणाला दिसत नाही, कारण ती वायर नाही. रेग्युलेटरचा ॲल्युमिनियमचा डबा हीच त्याची अर्थ. डब्याखाली रंग किंवा गंज असेल तर रेग्युलेटर चांगला असूनही मार खातो.

आता तीन मापं घ्या.

एक, रेग्युलेटरचा प्लग काढून पूर्ण थ्रॉटलवर, साधारण ३६०० आरपीएमला, स्टेटरच्या दोन वायरींमध्ये एसी मोजा. १५ ॲम्पियरच्या या सिस्टिमला २८ व्होल्ट किंवा जास्त आले तर स्टेटर बहुतेक चांगला. फ्लायव्हीलला हात लावायची गरज नाही. इंजिन बंद करून प्रत्येक वायर ते इंजिनचा ब्लॉक कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का) बघा, ती असता कामा नये. गुंडाळीचा रेझिस्टन्स मोजण्यात वेळ घालवू नका, तो ०.१ ते ०.२ ओहमच्या आसपास असतो आणि साधं मल्टीमीटर तेवढं बारीक सांगत नाही.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्लग परत लावा, इंजिन पूर्ण वेगात, दिवे आणि क्लच चालू. मीटर डीसीवर ठेवून एक टोक रेग्युलेटरच्या बी प्लसवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही टोकं प्लसलाच, हे नीट वाचा. जे दिसेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. ०.२ पेक्षा जास्त असेल तर त्या वाटेत दोष आहे.

तिसरं तसंच मायनसच्या बाजूचं. रेग्युलेटरचा डबा ते बॅटरीचं मायनस.

ही मापं लोडवरच घ्यायची. करंट वाहत नसताना गंजलेला जोडही शून्य दाखवतो आणि माणूस फसतो.

सह्यकडा

एवढा खटाटोप कशाला? इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग आहे, बंद पडलं तर नाही. आमच्या गावचे मिस्त्री आयुष्यभर हेच करत आलेत.

मीटरवाली

सह्यकडा, कृपा करून हे कुणी करू नका. जुन्या डायनामोच्या काळात ही सवय खपून गेली. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर उडू शकतात. आणि ओहायोकरांच्या सिस्टिममध्ये तर या परीक्षेतून काही सिद्धच होत नाही. त्या रेग्युलेटरला चार्जिंग सुरू करायला आधी बॅटरीचं व्होल्टेज दिसावं लागतं. इंजिन बंद पडलं तर तुम्ही चांगला पार्ट खराब ठरवाल.

आर्मेचर_कोल्हापूर

ताईंचं बरोबर आहे. आमचे वडीलसुद्धा वायर काढून बघायचे, डायनामोवर. अल्टरनेटर आल्यापासनं त्यांनीच आम्हाला बंदी घातली. वेल्डिंग करतानाबी आधी बॅटरीची वायर आणि रेग्युलेटरचा प्लग काढायचा.

सह्यकडा

मान्य. डायनामोच डोक्यात होता.

टोरांटोचा_बाळू

माझ्याकडे १९६० च्या दशकातला ट्रॅक्टर आहे, त्याला स्टार्टर-जनरेटर. एकच मोटर पट्ट्यावर बसवलेली, ती आधी इंजिन फिरवते आणि मग चार्जिंग करते. वाचकांपैकी कुणाकडे असा असेल तर सांगतो. आधी पट्टा बघा. तो सैल असेल तर सेल्फही घसरतो आणि चार्जिंगही. मग कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर. जनरेटर किंवा रेग्युलेटर काढून परत लावला की "पोलराइझ" करावं लागतं, म्हणजे क्षणभर करंट देऊन त्याचं प्लस-मायनस ठरवावं लागतं, नाहीतर उलट्या दिशेने चार्ज करतो. डेल्को-रेमीच्या पद्धतीत इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरवरची बॅट आणि जेन ही टर्मिनलं वायरीने क्षणभर जोडायची.

आर्मेचर_कोल्हापूर

बाळू, ही रीत सगळ्यांना लावू नका. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांवर लुकास पद्धतीचा डायनामो असतो, त्याचं फील्ड (आतली चुंबक तयार करणारी गुंडाळी) वेगळ्या तऱ्हेनं जोडलेलं. तिथं कटआऊटकडून (डायनामोच्या रेग्युलेटरच्या डब्याकडून) फील्डची, म्हणजे एफची वायर सोडवायची आणि ती बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाला क्षणभर टेकवायची. उलटसुलट केलं तर कटआऊटचे पॉइंट जळतात. आणि ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला असायचा, ते आधी तपासा.

द्राक्षबाग

आमच्या थोरल्या ट्रॅक्टरचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. रात्री फवारणी असती, चार-चार दिवे लागतात. डायनामो आयडलवर काहीच देत नव्हता. अल्टरनेटरनं तो ताप गेला. ओहायोकर दादांनीबी तेच करावं असं माझं मत.

टोरांटोचा_बाळू

+१. इथे बरेच जण तीन वायरींचा जुना डेल्को अल्टरनेटर बसवतात. फक्त एक लक्षात ठेवा, पहिल्या नंबरच्या टर्मिनलमध्ये दिवा किंवा डायोड घालावा लागतो. नाहीतर चावी बंद केल्यावरही तिथून उलटा करंट इग्निशनला जातो आणि इंजिन बंदच होत नाही.

मीटरवाली

डायनामो असलेल्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर हे चांगलंच. पण ओहायोकरांच्या इंजिनात अल्टरनेटर आधीच आहे, आणि त्याला ना पट्टा, ना बेअरिंग, ना कार्बन. धूळ आणि गवताच्या कामात याहून टिकाऊ रचना मिळणं अवघड. कारचा अल्टरनेटर लावायचा तर ब्रॅकेट, पुली, पट्टा आणि पट्ट्याचं कव्हर आलं. गंजलेल्या वायरी त्याच राहिल्या तर ६० ॲम्पियरचा अल्टरनेटरही तिथेच अडेल.

आता हिशोब करू. कॉइल साधारण ३ ते ४ ॲम्पियर, इलेक्ट्रिक क्लच ४ च्या आसपास, ३५ वॅटचे दोन दिवे मिळून जवळपास ६. बेरीज १४ पर्यंत. उत्पादन १५, तेही पूर्ण वेगात. सेल्फने खाल्लेला करंट भरून काढायला उरलं काय? ओहायोकर, दिवे एलईडी करा. ६ चे दीड-दोन होतील. माझ्या मते या यंत्रावर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची सुधारणा हीच.

पेठकर

घरखर्चासारखं झालं, पगार १५, खर्च १४, आणि महिनाअखेरीला बॅटरी डाऊन. आता धागा समजायला लागला, चालू द्या.

ओहायोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी मीटर घेऊन बसलो.

स्टेटरला एसी ३१ व्होल्ट. वायर ते ब्लॉक काही नाही. म्हणजे स्टेटर चांगला.

लोडवर बी प्लस ते बॅटरी प्लस १.४ व्होल्ट. रेग्युलेटरचा डबा ते बॅटरी मायनस ०.८. बॅटरीवर तेव्हा १२.१.

तिन्ही आकडे मिळवले आणि उत्तर समोर आलं. १४.३! रेग्युलेटर आपलं काम चोख करतो आहे. तो १४.३ देतो आणि २.२ वाटेत जातात. मेकॅनिकच्या सल्ल्याने गेलो असतो तर दोन्ही चांगले पार्ट फेकले असते. आर्मेचर साहेब, तुम्ही हजारो मैलांवरून अचूक सांगितलंत.

आता प्लसच्या बाजूचे १.४ नेमके कुठे जातात?

मीटरवाली

छान मोजलंत. आता एक टोक बॅटरीच्या प्लसवर स्थिर ठेवा आणि दुसरं एकेका जोडावर टेकवत रेग्युलेटरकडे सरका. जिथे आकडा एकदम उडी घेईल तिथे दोष. माझा संशय चावीच्या स्वीचवर आहे. अशा ट्रॅक्टरांत बी प्लसची वायर बहुतेकदा थेट बॅटरीला न जाता स्वीचच्या आर अक्षराच्या टर्मिनलमधून जाते, चावी बंद असताना रेग्युलेटरमधून बॅटरी झिरपू नये म्हणून. म्हणजे चार्जिंगचा सगळा करंट एवढ्याशा पितळी पट्टीतून. डॅशवर अँमीटर (करंट दाखवणारा) असेल तर त्याचे नटही बघा, सगळा करंट त्याच्यातूनही जातो.

ओहायोकर

स्वीचच! १.४ पैकी १.१ स्वीचच्या दोन टर्मिनलांमध्ये. बाकी अँमीटरच्या ढिल्या नटांत. स्वीचचं प्लॅस्टिक मागून तपकिरी पडलंय.

मायनसच्या बाजूला इंजिन रबराच्या माउंटवर आहे आणि ब्लॉकला जाणारी जाळीची पट्टी हिरवी पडून निम्मी तुटलेली. नवा स्वीच मागवू का?

आर्मेचर_कोल्हापूर

स्वीच मागवा, पण त्याच्यातनं परत मोठा करंट नेऊ नका. रिले टाका, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट जोडणारा स्वीच. कारमध्ये असतो तोच, ३०-४० ॲम्पियरचा साधा. रेग्युलेटरच्या मधल्या पिनपासनं चार स्क्वेअर एमएमची वायर रिलेला, रिलेवरनं थेट बॅटरीच्या प्लसला, बॅटरीजवळ २५ ॲम्पियरचा फ्यूज. रिलेच्या कॉइलला चावीच्या इग्निशन टर्मिनलवरनं बारीक वायर. चावी लावली की रिले ओढणार, चावी काढली की सुटणार.

अर्थसाठी ब्लॉकपासनं सरळ बॅटरीच्या मायनसला जाड केबल, बॅटरीच्या केबलीएवढी. चासीच्या भरवशावर राहायचं नाही. त्याच ब्लॉकवरच्या बोल्टवरनं एक वायर रेग्युलेटरच्या डब्याच्या स्क्रूला. थिम्बल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) चांगल्या क्रिंपिंग पक्कडीनं दाबून बसवा, आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड थरथरीत टिकत नाही.

टोरांटोचा_बाळू

रिलेमुळे माझ्या अल्टरनेटरसारखं चावी बंद करूनही इंजिन चालू राहणार नाही ना?

मीटरवाली

नाही. रिलेची कॉइल इग्निशन टर्मिनलवर आहे, रेग्युलेटरच्या बाजूला नाही. चावी बंद झाली की इग्निशन कॉइल आणि रिले दोन्ही एकदम सुटतात. रिलेची कॉइल आर टर्मिनलवरून घेतली तर मात्र घोळ होईल, तेवढं सांभाळा.

अँमीटर काढून तिथे व्होल्टमीटर बसवा असंही सुचवेन. त्याला दोन बारीक वायरी पुरतात, मुख्य करंट त्यातून जात नाही, आणि कळतं जास्त. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ दिसलं की निर्धास्त. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बॅटरी उकळवतोय. १३ च्या खाली राहिलं तर पुन्हा मापं घ्या.

द्राक्षबाग

बॅटरी उकळण्यावरनं. आमच्या ट्रॅक्टरला उन्हाळ्यात पाणी सारखं आटायचं, दुकानदार नवी बॅटरी घ्या म्हणत होता. कटआऊट जास्त व्होल्टेज सोडत होता, १५ च्या वर. ते नीट करून घेतल्यावर तीच बॅटरी अजून चालू आहे. तवा कमी चार्जिंगइतकंच जास्त चार्जिंगबी बघा.

सह्यकडा

मीटरवाली ताई, या प्रकारच्या सिस्टिममध्ये चुंबकच सुटले असं होतं का? माझ्या जनरेटर सेटला आतून खडखड येते आणि चार्जिंग येतं-जातं.

मीटरवाली

होतं. चुंबक चिकटवलेले असतील तर जुना गोंद सुटून एखादा सरकतो आणि स्टेटर घासायला लागतो. खडखड असेल तर चालवू नका, फ्लायव्हील काढून बघा. काढताना पुलर वापरा, हातोडीने कडेला ठोकू नका.

ओहायोकर

काम पूर्ण झालं. रिले, नवा फ्यूज, नवी अर्थ केबल, रेग्युलेटरखालचा रंग घासून काढला, अँमीटरच्या जागी व्होल्टमीटर. दिवे अजून जुनेच आहेत, एलईडी मागवलेत.

पूर्ण थ्रॉटलवर १४.१. क्लच आणि दिवे लावून १३.७. प्लसच्या बाजूचा ड्रॉप ०.१५, मायनसचा ०.०५. रात्री अंगण पूर्ण फिरलो, दिवे पांढरेच राहिले. स्टेटर आणि रेग्युलेटर जुनेच. इंजिनचा आवाजसुद्धा बदलल्यासारखा वाटतो, कदाचित कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळाल्यामुळे. फार आनंद झालाय.

शेवटचा प्रश्न. इथे कधी कधी उणे २० सेल्सियसपर्यंत जातं आणि बर्फ नसेल तर ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा असतो. बॅटरी काढून घरात ठेवू का?

टोरांटोचा_बाळू

काढायची गरज नाही, भरलेली ठेवा. पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे ५० च्याही खाली गोठतं. उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरतं, ती उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. शेडमध्ये वीज असेल तर आपोआप कमी-जास्त होणारा मेंटेनर चार्जर कायम लावून ठेवा. मी बॅटरीवरून एक छोटा प्लग बाहेर काढलाय, बॉनेट उघडावं लागत नाही.

आणि बर्फासाठी चालू कराल तेव्हा थोडा वेळ वेगात चालू द्या. आयडलवर पाच मिनिटं फिरवून बंद केलं तर सेल्फने घेतलेलंही परत जात नाही.

आर्मेचर_कोल्हापूर

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) असला तर महिन्यातनं एकदा सहाही सेल बघा. १.२६५ च्या आसपास असेल तर भरलेली. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असला तर चार्जिंगला दोष देऊ नका, तो सेल गेलाय. आणि त्या जुन्या स्वीचचा फोटो टाका की, दुकानात पोरांना दाखवायला पाहिजे.